दिवाखोलीतले ओनोदेरा

ओनोदेरा किहाचींच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. नंबर विचारला.

"किती नंबर?"

"कसला नंबर, आजोबा? मी मुकाई शिगेमी. नगरपालिकेकडून आलेय, मदतनीस म्हणून. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी एक ते तीन. स्वयंपाक, आंघोळ, झाडलोट."

"त्ये कळलं. पर नंबराबिगर आत कसं घ्यू?"

दाराशेजारच्या भिंतीवर छतापर्यंत गेलेला एक लाकडी फळा होता. मधोमध रेघ. रेघेच्या एका अंगाला "वर" लिहिलेलं, दुसऱ्या अंगाला "खाली". खिळ्यांवर पितळेचे बिल्ले, शेकड्यानं. खाण बंद झाली त्या दिवशी कंपनीचे लोक सगळं भंगारात देत होते, आजोबांनी हा फळा बर्फावरून ओढत घरी आणला होता. बत्तीस वर्षं ते खाणीच्या दिवाखोलीत बसले. माणूस आला की त्याच्या नंबरचा दिवा द्यायचा आणि त्याचा बिल्ला "खाली" लावायचा. दिवा परत आला की बिल्ला "वर". जन्मभराचं काम एवढंच.

"एकाहत्तर घे," ते म्हणाले. "त्यो गेला पोरीकडं सापोरोला. आलीस की 'खाली', निघालीस की 'वर'. इसरायचं न्हाई."

"मी काय खाणीत उतरणारेय का?"

"माझ्या घरात कोण हाय आन कोण न्हाई, मला कळाया नगं?"

मी एकाहत्तर "खाली" लावला. तेव्हा दिसलं, त्या बाजूला आधीच एक बिल्ला होता. दोनशे चौदा. घासून घासून त्याचा आकडा पुसट झाला होता.

"हे कोण आलेत?"

"आल्यात न्हाई," आजोबा म्हणाले. "यायचं ऱ्हाईलंय."

ओकुनाई गावात आता माणसं तीनशेच्या आत. खाण चालू असताना तेवढी एकेका पाळीला उतरायची. कामगारांच्या लाकडी चाळी ओळीनं उभ्या आहेत, पण आजोबांच्या चाळीत बारा घरांपैकी दोनच घरांतून धूर निघायचा. बाकीच्या दहा घरांच्या छपरांवरून बर्फ घसरला की धप्पकन आवाज येई आणि वाटे, कुणीतरी माळ्यावरून खाली उडी टाकली. पहिल्या महिन्यात मी दर वेळी दचकायचे. नंतर दचकणं थांबलं, पण मोजायला लागले. एकेका दुपारी त्या रिकाम्या घरांतून सात-आठ माणसं उतरत.

दुसरं धूर निघणारं घर इवाबुची गेन्झोंचं. वय चौऱ्याऐंशी, एका पायानं लंगडे, तोंडानं फटकळ. रोज सकाळी आजोबांच्या दारापुढचा बर्फ ते काढत. दार मात्र तीस वर्षांत एकदाही ओलांडलं नव्हतं.

"काय हेल्परबाई," फावड्यावर हनुवटी टेकून मला विचारायचे, "तुमचा म्हातारा टीव्हीत खणतोय का अजून?"

"आत येऊन बघा की. चहा ठेवते."

"नको. तिथं नंबर विचारतात."

टीव्हीत खणणं हे खरंच होतं. गाव सोडून जाताना नातू आपलं खेळाचं मशीन आणि एक कॅसेट विसरून गेला होता. खेळाचं नाव "सात तळांचं राज्य". तीन सोबती घ्यायचे, आपण धरून चौघांनी सात तळ उतरायचे, अगदी तळाशी बसलेल्याला मारायचं आणि परत यायचं. त्या बसलेल्याला खेळात नावच नाही. त्या काळी गावातली पोरं त्याला "तळातला" म्हणत. आजोबाही तेच म्हणत, पण आवाज खाली आणून.

तळातला साधा राक्षस नव्हता. त्याची अर्धी ताकद संपली की पडदा काळा होई आणि अक्षरं उमटत: "चौघं आलात. तिघं जा." मग वरून नाही, जमिनीतून एक हात येई आणि शेवटी सोबत घेतलेल्या गड्याला खाली ओढून नेई. खेळ लिहिणाऱ्यांनी गोष्टच तशी लिहिली होती. सगळे जण तो गडी जाऊ देत, उरलेल्या तिघांनी तळातल्याला मारत, आणि वर आले की फाटकावरचा पहारेकरी म्हणे: "तीन वर आले. फाटक लावतो." खेळ जिंकला.

आजोबाही पहिल्यांदा असेच जिंकले होते. पहारेकऱ्याचं ते वाक्य वाचलं त्याच दिवशी त्यांनी एका कागदावर नियम लिहून टीव्हीवर चिकटवले. कागद वीस वर्षांत चहासारखा पिवळा झाला होता.

मी तो वाचून हसले. "आजोबा, दुकानात तलवारी मिळतात, चिलखतं मिळतात, आणि तुम्ही लिहिलंय घ्यायच्या नाहीत?"

"हातोडा, दोरी, दिवा, भाताचं गोळं. तेवढंच. ताकद ईस पायऱ्यांच्या वर न्यायची न्हाई. जादू न्हाई. उडवून वर आणणारा मंतर हाय, त्यो वापरायचा न्हाई. खाली जाईल त्यानं आपल्या पायानं वर यायचं. कुणी कुणाचा दिवा घ्यायचा न्हाई. आन एक जरी ऱ्हाईला, तर मशीन बंद. पुन्यांदा फाटकापासनं."

"असताना घ्यायचं नाही? असं कुणी खेळतं का?"

"त्यांच्याकडं व्हती का तलवार?" आजोबा म्हणाले.

"कुणाकडे?"

ते भाताकडे वळले.

चौघांची नावं त्यांनी ठेवली होती. पुढे किहा, म्हणजे ते स्वतः. मागे तामे, मग रोकु, शेवटी योहेई. चार छोटी माणसं एकामागे एक, प्रत्येकाच्या हातात ठिपक्याएवढा दिवा.

जानेवारीत आजोबांचे हात थरथरायला लागले. चॉपस्टिक धरता येईना, मग कंट्रोलर कुठला. एका सोमवारी मी भाजलेला मासा सोडवून देत होते तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "शिगेमी, तुझी बोटं दे मला."

"देते. मासा संपवा आधी."

तेव्हापासून दुपारी दोन ते तीन मी त्यांची बोटं झाले. मला वाटलं होतं, बटणं दाबायची, झालं. पण आजोबांनी वीस वर्षांत तळातल्याचा एकेक श्वास लिहून ठेवला होता. पाच वह्या.

"घाई करू नगंस. तुझं बोट लई घाई करतंय. त्यो डोळं मिटंल तवाच हातोडा. उघडा डोळा असंल तर हातोडा वाया जातोय, आन त्याला राग येतोय त्यो येगळाच."

"याला राग येतो?"

"तिसऱ्या फेरीला काळा वारा सोडतो, बघ आता."

आणि तिसऱ्या फेरीला काळा वारा आला. चौघांचे दिवे मंद झाले. दर तिसऱ्या फेरीआधी प्रत्येकाचा जीव चाळीसच्या वर हवा, नाहीतर वाऱ्यातच एखादा जातो. म्हणून एकानं मारायचं, दोघांनी अंग आवळून धरायचं, एकानं भाताचा गोळा द्यायचा. कोण देतो, कुणाला देतो, सगळं वहीत. रोकुनं मारायचं, कारण त्याचा हातोडा कधी चुकत नाही. "खरंच चुकत नव्हता," आजोबा पुटपुटायचे.

इथवर सगळं जमायचं. मग ती अक्षरं. चौघं आलात, तिघं जा. आणि हात. योहेईनं अंग आवळलं, दोरी धरली, त्याला तिघांनी धरलं, काहीही केलं तरी हात त्याला घेऊन जाई. आजोबा म्हणत, "बंद कर." आम्ही बंद करत असू.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सहाव्या तळावरच्या अरुंद बोगद्यात चौघं ओळीनं चालायला लागले की शेवटचा लुकलुकायचा. दिसायचा, नसायचा, दिसायचा. एकदा मी क्रम बदलून रोकुला शेवटी घातलं. तरी लुकलुकला योहेईच, मधे चालत असूनसुद्धा.

खालच्या गावात साकुमाचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. मी त्याला विचारलं.

"भूत नाही हो मुकाईबाई," तो हसला. "जुन्या मशीनला एका ओळीत इतकी चित्रं दाखवता येत नाहीत. मग एखादं गाळतं, पुन्हा दाखवतं. यादीत ज्याचं नाव शेवटी लिहिलं त्याचा नंबर लागतो. चौकोनात उभे करा, कुणी लुकलुकणार नाही."

"आणि परवा सुरू करताना 'नोंद सापडली नाही' असं आलं. पुन्हा लावलं तर सापडली."

त्याचं हसू थांबलं. "कॅसेटच्या पोटात बॅटरी असते. तिच्यावरच सगळी नोंद जगते. वीस वर्षं झाली म्हणता? मग ती मेलेलीच आहे, तिला कळलं नाहीये इतकंच. बदलली तर नोंद जाणार, नाही बदलली तरी जाणार. महिनाभर धरा. आणि ऐका, बंद करताना रीसेट दाबून धरल्याशिवाय वीज बंद करू नका. आमच्या वेळी अशी कितीतरी राज्यं बुडालीत."

मी आजोबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हंजी नावं पुसणार?"

"नवी घालू की. तीच नावं."

"ती नवी झाली. तळात गेलेली ती न्हवं."

फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी माझ्या बोटानं चूक केली. योहेईचे भाताचे गोळे संपले होते. हात यायच्या फेरीला मला त्याला "धर" म्हणायचं होतं, मी "दे" दाबलं. त्याच्याजवळ देण्यासारखं एकच उरलं होतं. त्यानं आपला दिवा किहाला दिला, किहाचा विझत आलेला दिवा त्याच्याकडे आला. त्याच क्षणी जमिनीतून हात आला, जिथे दिवा होता तिथे मूठ आवळली, आणि पडद्यावर जे आलं ते पाच वह्यांत कुठेच नव्हतं:

"हाताला काही लागलं नाही."

मी ओरडलेच. "आजोबा! राहिला! योहेई राहिला!"

आजोबा सरपटत पुढे आले आणि त्या थरथरत्या हातानं त्यांनी मशीन बंद केलं.

खोलीत रॉकेलच्या शेगडीचा आवाज तेवढा उरला. बाहेर छपरावरून एक माणूस उतरला.

"काय केलंत हे? वीस वर्षांत जमलं नाही ते जमलं होतं!"

"दिवा बदलला त्यानं."

"मग?"

"कुणी कुणाचा दिवा घ्यायचा न्हाई!" एवढा मोठा आवाज त्यांच्या छातीत असेल असं मला वाटलं नव्हतं. "लिवलंय तितं! वाचता येतंय न्हवं?"

मी रागानं भांडी घासायला गेले. पाठीमागून ते बोलायला लागले. भिंतीशी बोलावं तसं, सपाट.

खाणीत आग लागली त्या दिवशी तिसऱ्या बोगद्यात तिघं होते. तामे, रोकु आणि योहेई. त्याआधी तासभर एक जण पायाला मार लागून एकटाच वर आला होता. पाळी बदलायची वेळ, खिडकीपुढे गर्दी. त्यानं दिवा ठेवला. आजोबांनी आकडा बघितला, तोंड बघितलं नाही. दोनशे चौदा. बिल्ला "वर" लावला. दोनशे चौदा योहेईचा. वर आलेला माणूस योहेई नव्हता. त्यानं योहेईचा दिवा आणला होता आणि त्याचा स्वतःचा, एकशे अठ्ठ्याऐंशी, खाली योहेईजवळ होता. मग आग लागली, फळ्यापुढे मोजणी झाली. कुणीतरी म्हणालं, एकशे अठ्ठ्याऐंशी खाली कसा, तो तर खाणीच्या हमामात, सामाईक न्हाणीघरात, पाय शेकत बसलाय. म्हणून तोही बिल्ला वर गेला. बिल्ले दोन, माणूस एक. खाली उरले दोन. दोघं सापडले. मेलेले. तिसऱ्याला कुणी शोधलंच नाही. आग विझेना म्हणून बोगद्याचं तोंड भिंतीनं बंद केलं आणि पाणी सोडलं.

"सकाळी योहेईची बायकू आली खिडकीवर. हातात धुतलेला पंचा. म्हणली, आमचं मालक हमामातनं अजून आलं न्हाईत. पंचा ऱ्हाईला व्हता म्हून आणला."

नळ मी कधी बंद केला, आठवत नाही.

"एकशे अठ्ठ्याऐंशी कोण?" मी विचारलं.

आजोबांनी दाराकडे बघितलं. बाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं.

पुढच्या सोमवारी मशीननं दोन वेळा "नोंद सापडली नाही" म्हटलं. तिसऱ्यांदा नोंद आली. मी तशीच उठले, दार उघडलं.

"इवाबुची-सान, आत या."

"सांगितलं ना. तिथं नंबर विचारतात."

"म्हणूनच या. त्या दिवशी दिवा तुम्ही मागितलात की त्यानं दिला?"

त्यांच्या हातातलं फावडं उभंच राहिलं. चेहरा इतका कोरा झाला की मला वाटलं, हे आता पडतात. मग त्यांनी बूट काढले. तीस वर्षांनी, काठीशिवाय, एका पायावर उडी घेत उंबरा ओलांडला.

"किती नंबर?" आजोबांनी विचारलं. मान वर न करता.

"एकशे अठ्ठ्याऐंशी."

आजोबांनी मला खूण केली. मी तो बिल्ला शोधून "खाली" लावला. माझ्या एकाहत्तरशेजारी, दोनशे चौदाच्या खालच्या खिळ्यावर.

"मी मागितला नव्हता, किहाची," इवाबुची म्हणाले. फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे. "माझा दिवा विझत आला होता. योहेई म्हणाला, एकटा चढणारेस, लंगडतोयस, चांगला दिवा तू घे. आम्ही तिघं आहोत, एकमेकांच्या उजेडात काम चालेल. त्यानं माझ्या टोपीला स्वतःच्या हातानं लावला. मी खिडकीवर सांगणार होतो. पण पाय ठणकत होता, गर्दी होती, आणि तू वर बघितलंच नाहीस."

"न्हाई बघितलं."

"मग आठवण झाली तेव्हा पाणी सोडून झालं होतं. मग कसं सांगायचं?"

"मला वाटत व्हतं तू घेतलास त्याचा."

"तीस वर्षं बर्फ काढतोय तुझ्या दारातला, गाढवा. घेतला असता तर कशाला काढला असता?"

आजोबा हसले की खोकले, कळलं नाही. मग ते म्हणाले, "शिगेमी. त्यो कागद काड."

"पूर्ण?"

"न्हाई. एकच वळ खोड. दिव्याची."

मी खोडली.

त्या दुपारी आम्ही उतरलो. इवाबुची गुडघ्यावर हात ठेवून टीव्हीपुढे बसले होते, हमामात बसावं तसे. मी मधेच विचारलं, "त्या दिवशी दिवा देणं जमलं कसं? जमिनीतला हात तर सगळ्यांच्या आधी येतो."

आजोबांनी पाचवी वही उघडली. "त्याचं गोळं संपलं व्हतं. वझं न्हाई त्याचा हात आधी चालतोय. आज वाटंतच योहेईचं सगळं गोळं रोकुला दे. योहेई रिकामा पायजे. आन दिवा किहालाच द्यायचा, दुसऱ्या कुणाला न्हाई."

"का?"

"तुला सांगतोय तेवढं कर."

तळातला डोळे मिटून बसला होता. एक फेरी, दोन, तिसरीला काळा वारा. मी घाई केली नाही. डोळा मिटला की रोकुचा हातोडा. तामे गोळे देत होता. एकदा त्याचा जीव एक्केचाळीसवर आला, चाळीसच्या वर एकच, आणि वारा सुटला, आणि तो उभा राहिला. इवाबुची पुटपुटले, "चिवट होता तामे. पहिल्यापासून."

पडदा काळा झाला. चौघं आलात. तिघं जा.

"दे," आजोबा म्हणाले.

मी दिलं. योहेईचा दिवा किहाकडे गेला. हात आला, मूठ आवळली, उघडली. रिकामी. आणि मग एक गोष्ट घडली, ती मी वहीत लिहून ठेवली आहे: तळातला मारत नव्हता. पुढच्या अकरा फेऱ्या तो नुसता डोळे उघडून बघत होता. खेळ लिहिणाऱ्यांनी चौघांसाठी पुढचं काही लिहिलंच नसावं. मग त्यानं डोळे मिटले आणि रोकुनं शेवटचा हातोडा घातला.



वर यायला चाळीस मिनिटं लागली. सात तळ, पायी. सहाव्या तळावर योहेई लुकलुकत होता. इवाबुची पापणी न लववता त्याच्याकडे बघत होते, बघणं सोडलं तर तो जाईल असं. फाटकाचा उजेड दिसला तेव्हा आजोबा म्हणाले, "थांब. अजून एक पाऊल ऱ्हाऊ दे."

"आता काय?"

"फाटकावरचा काय म्हणतोय?"

"तीन वर... पण आता चार आहेत, आजोबा. आता चार म्हणेल."

"त्याला तीनच ठावं. त्याला तीनच सांगितल्यात." ते पडद्यावरच्या त्या चिमुकल्या पहारेकऱ्याकडे बघत होते, जुना ओळखीचा असावा तसे. "त्यो तोंड बघत न्हाई. पयली तीन मोजंल, भाईर घील, फाटक लावंल. चौथ्याला वाटच न्हाई ठेवलेली."

"मग काय करायचं? परत आत?"

"रांग बदल. योहेई पुढं. मग तामे, मग रोकु. मला शेवटी घाल."

"किहाची," इवाबुची म्हणाले.

"दिवा हाय की माझ्याकडं. चांगला दिवा हाय, योहेईचा."

"नको," मी म्हणाले. "आपण इथेच थांबू. मशीन चालूच ठेवू."

"बॅटरी मेलीय म्हणलीस न्हवं? भाईर मुक्कामाच्या सराईत जाऊन नोंद झाली पायजे. दाब, शिगेमी. तीन वाजायला आलं."

मी रांग बदलली. पाऊल टाकलं. पहारेकरी म्हणाला, "तीन वर आले. फाटक लावतो." योहेई बाहेर आला. तामे आला. रोकु आला. फाटक बंद झालं. गजांच्या पलीकडे अंधारात ठिपक्याएवढा उजेड राहिला. हलला नाही.

फाटकाबाहेरच्या उन्हात योहेई लुकलुकला नाही. मी सराईत जाऊन नोंद केली, रीसेट दाबून धरलं आणि मग वीज बंद केली.

"दोनशे चौदा वर कर," आजोबा म्हणाले.

मी केला. पितळ गार होतं, ओलं होतं. निघताना मी माझा बिल्ला वर लावला, इवाबुचींनी त्यांचा. "खाली"ची बाजू मी तिथे आल्यापासून पहिल्यांदा पूर्ण रिकामी झाली.

गुरुवारी गेले तेव्हा आजोबा अंथरुणात होते, चेहरा हलका झालेला. सूप अर्धा वाडगा प्यायले. मी एकाहत्तर लावायला फळ्याकडे वळले आणि हात वरच राहिला.

"खाली"कडे एक बिल्ला होता. नंबर एक.

एक नंबर आजोबांचा. दिवाखोलीतला माणूस कधी खाली जात नाही, त्याचा बिल्ला जन्मभर "वर". सगळ्यात वरच्या ओळीत, छताला टेकलेला. तिथवर पोचायला मलासुद्धा स्टूल लागतं. आजोबा धरल्याशिवाय उभे राहत नव्हते.

"आजोबा, हा कुणी लावला?"

"म्या तर हितंच हाय," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "हितं गार न्हाई. दिवा बरा हाय."

शेगडी विझलेली होती.

ते त्यानंतर तीन आठवडे होते. बर्फ वितळायला लागला त्या आठवड्यात, खालच्या गावच्या दवाखान्यात, दुपारच्या झोपेत गेले. मुलगी येऊन अस्थी घेऊन गेली. घर रिकामं करायचं काम माझ्याकडे आणि इवाबुचींकडे आलं.

सगळं खोक्यांत भरल्यावर आम्ही एकदा मशीन लावलं. साकुमाच्या हिशेबानं बॅटरी केव्हाच मेलेली. नोंद पहिल्याच वेळी सापडली. सराईसमोर तिघं उभे होते. मी त्यांना चालवत फाटकापर्यंत नेलं. पहारेकरी म्हणाला, तीन वर आले. गजांच्या आत उजेड होता. तो आता लुकलुकत होता.

मी टीव्ही बंद केला, स्टूल घेतलं, फळ्यापुढे ठेवलं आणि एक नंबरचा बिल्ला खिळ्यावरून काढायला हात वर केला. माणूस गेला. त्याचा बिल्ला "खाली" ठेवून दार कसं लावायचं?

"नको," इवाबुची म्हणाले. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. हात बर्फासारखा.

"अहो, आपण दोघांनी बघितलंय त्यांना. शवपेटीत."

"त्या दिवशीसुद्धा मला दोघांनी बघितलं होतं. हमामात." त्यांनी माझा हात हळूच खाली घेतला. "तेवढ्यावर माझा बिल्ला वर केला, आणि योहेई खाली राहिला. वर आलेल्याचं तोंड बघितल्याशिवाय बिल्ला वर करायचा नाही, हेल्परबाई. राहू दे. मी आहे इथे."

पुन्हा हिवाळा आलाय. आता त्या चाळीत एकाच घरातून धूर निघतो. इवाबुची रोज सकाळी आजोबांच्या दारापुढचा बर्फ काढतात. मग बूट काढून आत जातात, एकशे अठ्ठ्याऐंशी "खाली" लावतात, फळ्यापुढे थोडा वेळ बसतात आणि निघताना फक्त आपला बिल्ला वर करतात.